चष्म्याच्या घरातल्या बिया

६ डिसेंबर

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं पहिल्या ओळीत लिहायचं असतं म्हणून लिहितो. तुमचं पत्र येऊन दोन आठवडे उलटले. उत्तराला उशीर झाला, कारण दुकानात गर्दी आहे. वर्ष संपत आलं की सगळ्यांना आपले डोळे बिघडल्याचं एकदम आठवतं. दिवसभर मागच्या खोलीत चष्म्यांच्या काचा घासतो, घरी येतो, जेवतो, आणि लिहायला बसावं म्हटलं तर पेन उचलायचाही कंटाळा येतो. फोनवर बोललो असतो, पण आई फोनचा आवाज मोठा करून शेजारीच बसतात, आणि विषय त्यांचाच आहे.

तुमचा बेत नीट वाचला. जूनमध्ये तुम्ही येणार आणि आईंना कायमचं तुमच्याकडे घेऊन जाणार. बरोबरच आहे. तुमच्या बहिणीच्या, छोटीच्या आजारपणात त्या मदतीला म्हणून आल्या, आणि ती गेल्यावर इथेच राहिल्या. त्यालाही आता दोन वर्षं झाली. छोटी असती तर गोष्ट वेगळी होती, आता जावयावर सासूचा भार किती दिवस टाकायचा, असं तुम्ही लिहिलंय. त्यात चूक काही नाही. तुमचं घर मोठं, वहिनी घरी असतात, नातवंडं आहेत, हवाही उबदार. इथे मी सकाळी जातो तो संध्याकाळी उगवतो, आणि थंडी अशी की नळाखाली हात धरवत नाही. माझी काही हरकत नाही.

आईंच्या कानावर घातलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं काय ते ठरवा. मी काय, जिथे ठेवाल तिथे राहीन." एवढं बोलून कपाट पुसायला लागल्या. आदल्या दिवशीच पुसलं होतं.

बाकी बातमी एकच. तुमच्या मातोश्रींनी माझा फ्रीज ताब्यात घेतलाय.

झालं असं, की तळाच्या खणात एक सफरचंद राहून गेलं होतं. कधीचं ते देव जाणे. मीच आणून विसरलो असणार, आजकाल मी बरंच विसरतो. आईंनी ते सुरकुतलेलं फळ बाहेर काढलं, टाकायला मन होईना म्हणून कापलं, आणि मला हाका मारायला लागल्या. मी तोंडातला ब्रश तसाच घेऊन धावलो, वाटलं बोट कापलं. तर आतल्या बियांना कोंब फुटलेले. पांढरे, नखाएवढे. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमच्या फ्रीजला पालवी फुटली."

ते कोंब त्यांनी कान तुटलेल्या कपात माती घालून खिडकीत लावले. खिडकीतल्या गारठ्याने कोंबांनी चार दिवसांत मान टाकली. दुसरं कुणी असतं तर नाद सोडला असता. आईंनी त्यातून एवढंच घेतलं की बी थंडीत जागं होतं, पण थंडी सरेपर्यंत त्याला बाहेर काढायचं नाही. आता घरात येणाऱ्या प्रत्येक सफरचंदाच्या बिया ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये जातात. दुकानातली टवके उडालेली चष्म्याची घरं मी घरी आणून ठेवतो, कधीतरी लागतील म्हणून. छोटी त्यावरून मला फार बोलायची. ती घरं आता लागली. प्रत्येक घरात एकेका फळाच्या बिया, वर चिठ्ठी: "गोड, लाल", "खालच्या शिंपिणीने दिलेलं", "आंबट पण चांगलं". दूध काढायला दार उघडलं की चष्म्याची घरं अंगावर पडतात. घरात माणसं दोन आणि चष्मे चौदा, असं शिंपीण म्हणते.

शिवाय रोज संध्याकाळी एक सफरचंद कापलं जातं आणि अर्धं माझ्यापुढे येतं. दादा, मला सफरचंद आवडत नाही. छोटीला हे माहीत होतं. आईंना मी सांगितलेलं नाही.

थकून जातो मी या सगळ्याने. सकाळी रेडिओ मोठ्याने लागतो, मी ठेवलेली वस्तू ठेवल्या जागी सापडत नाही, अंगात स्वेटर आहे की नाही याची दारातच तपासणी होते. तेव्हा जूनचं नक्की करा. मला कळवलंत की आईंच्या कागदपत्रांचं आणि सामानाचं मी बघतो.

तुमचा,
मेहुणा


२ मार्च

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुमची दोन पत्रं आली आणि माझं एकही गेलं नाही, तेव्हा आधी माफी. आई बऱ्या आहेत. गुडघा आहे तसाच आहे. माझे डोळे संध्याकाळी चुरचुरतात, पण दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांची कामं केल्यावर ते चुरचुरणारच.

खोलीला रंग दिलात, पलंग आणलात, आनंद वाटला. आईंना वाचून दाखवलं. "एवढा खर्च कशाला," म्हणाल्या, आणि मग मला विचारलं, "तुम्हाला एकट्याला हे घर मोठं नाही का होणार?" मी म्हटलं, मी असतोच कुठे घरी.

बियांची हकिकत तुम्ही विचारलीत म्हणून लिहितो, नाहीतर तुम्हाला वाटेल मेहुण्याला दुसरं काही सुचत नाही. मागच्या महिन्यात या बियांनी मला दुकानात तोंडघशी पाडलं. आई अधूनमधून सगळी घरं बाहेर काढून आतली फडकी ओली करतात. सकाळच्या गडबडीत टेबलावरचं एक घर मी दुकानाचं समजून पिशवीत टाकलं. दुपारी एक निवृत्त हेडमास्तर नवा चष्मा न्यायला आले. मी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर चढवला, कानामागे नीट बसवला आणि घर हातात दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी हजर. त्यांनी ते घर काउंटरवर उघडून ठेवलं. आत ओलं फडकं आणि मोड आलेल्या बिया.

"हे काय आहे?"

मला दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, "सासूबाईंचं आहे."

दुकानाचा मालक हसून हसून खाली बसला. हेडमास्तर अजिबात हसले नाहीत. पण जाताना हळूच विचारून गेले, की हे कुंडीत लावायचं की जमिनीत. घरी येऊन मी आईंना हे सांगितलं, तर त्यांना हसताना ठसका लागला. पाणी दिलं, पाठ चोळली, तरी थांबेनात. मग मीही हसलो. त्या स्वयंपाकघरात मी बऱ्याच दिवसांनी हसलो, दादा.

तर आता जवळजवळ सगळ्या घरांतून कोंब आलेत आणि ते कुंड्यांत गेलेत. कुंड्या कसल्या, तेलाचे डबे, फुटकी बादली, शिंपिणीने दिलेलं एक जुनं टोपलं. गारठा आहे तोवर सगळं खिडकीपाशी, ऊब आली की गच्चीवर. मोठ्या रस्त्यावर रोपं विकणारा एक माणूस आहे, बोलायला मोकळा. तो मातीचं पोतं घेऊन घरी आला होता. आईंनी त्याला खुर्चीत बसवून उलटतपासणी घेतली.

"फळ कधी धरेल?"

"आजी, बीपासून केलंत, म्हणजे सात-आठ वर्षं धरा."

"आठ?" आईंना वाटत होतं दोन.

"लवकर हवं तर कलम घ्या माझ्याकडून. दोन-तीन वर्षांत सफरचंद हातात."

"ते तुझं झाड झालं. मी हे फ्रीजमधून वाढवलंय. बरं, मी खाल्लं तसंच सफरचंद येईल ना याला?"

"ते नाही सांगता येत. बीचं सफरचंद आईबापावर जात नाही. गोड फळाचं बी आंबट निघतं, कधी तुरट निघतं. खाऊन बघेपर्यंत कळत नाही."

"म्हणजे पोटच्या पोरांसारखंच," आई म्हणाल्या. हे तुमच्याबद्दल नव्हतं असं मला मागाहून बजावून सांगितलंय.

रोपवाला गेल्यावर त्या बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत बसल्या. आईंनी आठ वर्षं हा आकडा मनाला लावून घेतला, असं मला वाटलं. ऐंशीला टेकलेल्या माणसाला हे कशाला सांगायचं, असं म्हणून मी रोपवाल्यावर चिडलोही होतो. पण दुसऱ्या दिवसापासून वेगळंच सुरू झालं. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांवरून आमचे किती वाद होतात हे तुम्हाला माहीत आहे. गोळी उशीखाली सापडते, कधी बशीखाली, विचारलं तर "घेतली की" हे ठरलेलं. आता जेवण झालं की स्वतःहून पाणी घेऊन बसतात, गोळी जिभेवर ठेवतात आणि मला तोंड उघडून दाखवतात. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं चालणंसुद्धा चालतात, पलीकडच्या वळणापर्यंत. मी विचारलं, "एकदम हे काय?" तर म्हणाल्या, "आठ वर्षं काढायचीत ना."

जूनची आठवण करून द्यावी असं तेव्हा वाटलं. दिली नाही. तुम्हीच द्या, फोनवर. मला ते नीट जमत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
मेहुणा


११ मे

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तिकिटं काढल्याचं कळलं. आईंची सगळी कागदपत्रं एका पाकिटात घालून ठेवली आहेत. डॉक्टरीणबाईंकडून औषधांचे कागदही आणले. सामान फारसं नाही. त्यांनी स्वतःच दोन पेट्यांमध्ये भरायला सुरुवात केलीय, आणि मी घरात असलो की भरत नाहीत.

शेवटच्या परिच्छेदात तुम्ही माझे आभार मानलेत. आता तसं आपलं नातं काय राहिलं, तरी तुम्ही आईचं इतकं केलंत, असं लिहिलंय. तुम्ही ते चांगल्या मनाने लिहिलंत हे मला कळतं. तेवढं वाक्य मी दोनदा वाचलं आणि कामाला गेलो.

रोपांची बातमी वाईट आहे. ऊब आल्यावर सगळे डबे गच्चीवर नेले होते. दोन आठवडे छान चाललं. प्रत्येकाचं पान निराळं, कुणाचं लांब, कुणाचं गोल, एकाला तर बारीक काटे आले. मग एकेक रोप मातीपाशी काळं पडून आडवं व्हायला लागलं. निम्म्याच्या वर गेली. आईंचं जेवण कमी झालं. म्हणून मी रोपवाल्याला घेऊन आलो. आई गुडघा धरून, कठडा पकडत आमच्यामागून वर आल्या. मी नको म्हणत होतो.

त्याने एका डब्यात बोट खुपसलं, बाहेर काढून बघितलं, दुसऱ्यात खुपसलं. "पाणी कोण घालतं?"

"मी नाही," मी म्हटलं.

"मी कशी घालणार?" आई म्हणाल्या. "या गुडघ्याने मला जिना चढवतो का?"

"मग हा चिखल काय आपोआप झाला? कुजवलीत तुम्ही रोपं. पाणी पाजून मारलीत."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलो. मग बाहेर आलं ते असं. आईंच्या गुडघ्याला जिना नको, पण रोपांना कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. म्हणून मी रोज सकाळी कामावर जाताना खाली जायच्या आधी गुपचूप वर जाऊन पाणी घालत होतो, आणि त्यांना पत्ता लागू देत नव्हतो. आणि आई, मी दुकानातून दमून येतो, मला आणखी एक काम नको, म्हणून दुपारी शिंपिणीला जिन्याच्या तोंडाशी उभी करून एकेक पायरी बसत बसत वर जात होत्या आणि पुन्हा पाणी घालत होत्या. वाटी भरून. बिचाऱ्या झाडांनी किती प्यायचं?

"रोज?" मी विचारलं.

"तुम्ही रोज?" त्यांनी विचारलं.

रोपवाला म्हणाला, "तुम्ही दोघं एका घरात राहता ना? मग एकमेकांशी बोलत का नाही?" त्याने जी पाच तगली होती ती कोरड्या मातीत बदलून दिली आणि पाण्याचे वार ठरवून दिले. सोमवार माझा, शुक्रवार आईंचा.

त्या दिवशी मी दुकानात चार काचा वाया घालवल्या. मालक म्हणाला, घरी जा. एरवी मी घरी गेलो नसतो. छोटी गेल्यापासून काम संपलं तरी मी मागच्या खोलीत बसून राहायचो, घासलेल्याच काचा पुन्हा घासायचो, म्हणजे घरी गेल्यावर थेट झोपता येईल. हल्ली तसं राहवत नाही. संध्याकाळ झाली की सफरचंद कापलेलं असतं आणि मला ते संपवायचं असतं.

हे तुम्हाला का लिहितोय, मलाच माहीत नाही. दमलोय म्हणून असेल.

आणखी एक गोष्ट, तुम्ही आलात की आईंशी बोला. गोळ्यांचं पुन्हा पहिल्यासारखं झालंय. काल पाकीट बघितलं तर आठवडाभराच्या तशाच. विचारलं तर म्हणाल्या, विसरले. त्या विसरत नाहीत, दादा. चौदा चष्म्याच्या घरांत कुठलं बी कुठल्या दिवशी ठेवलं हे ज्यांना पाठ होतं, त्या गोळी विसरत नाहीत.

तुमचा,
मेहुणा


२७ मे

प्रिय दादा,

हे पत्र तुम्ही निघायच्या आत पोचायला हवं म्हणून दुकानातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन लिहायला बसलोय. क्षेमकुशल विचारत नाही, राग मानू नका.

परवा रोपवाल्याच्या दुकानावरून येत होतो. त्याने हाक मारली. "तुमच्या आजी येऊन गेल्या," म्हणाला. मला खरंच वाटेना. तिथवर त्या चालत गेल्या होत्या. त्यांनी त्याला विचारलं, की जिथे थंडी पडत नाही अशा गावात सफरचंदाचं झाड जगतं का. तो म्हणाला, "जगेल, पण फळ धरणार नाही. या झाडाला हिवाळा लागतो."

"तर त्या म्हणाल्या, बरं झालं," रोपवाला मला सांगत होता. "मी म्हटलं, आजी, बरं काय त्यात? तर म्हणाल्या, मग ही इथेच ठेवून जाते. मला कारणच हवं होतं. घरी कुणीतरी पाण्याची वाट बघतंय म्हटलं, की हा माणूस वेळेवर घरी येतो. नाहीतर दुकानातच बसून राहील."

मी तिथेच उभा राहिलो. त्याच्या दुकानात बसायला एक उलटी कुंडी असते, तिच्यावर बसलो.

"आणि मला सांगून गेल्या," तो म्हणाला, "महिन्यातून एकदा चक्कर टाकायची. झाडं बघायला आलोय म्हणायचं, आणि ते जेवलेत का ते बघायचं. हे तुम्हाला सांगू नको म्हणाल्या होत्या. पण तुमच्या घरात न सांगण्याने काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय."

मी घरी आलो. आई टेबलाशी बसल्या होत्या, पुढ्यात बशी होती. मी चप्पलसुद्धा काढली नव्हती. मी म्हटलं, "आई, तुम्ही जाऊ नका."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "मग इतके महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होतात का?"

"मला वाटलं तुम्हाला मुलाकडे जायचंय."

"आणि मला वाटलं तुम्हाला मोकळं व्हायचंय. माझ्यामागे तुमचं वय चाललंय. उद्या कुणी भेटली, घर करावंसं वाटलं, तर सासू कुठे ठेवाल, फ्रीजमध्ये?" असं म्हणून त्या रडायला लागल्या. छोटी गेली तेव्हा त्या माझ्यासमोर रडल्या नव्हत्या. मीही त्यांच्यासमोर रडलो नव्हतो. तेही दोघांनी एकमेकांसाठीच आवरलं असणार. त्या संध्याकाळी ते आवरलं नाही.

मग मी विचारलं, "दादांना तुम्ही सांगाल?"

"माझ्याच्याने नाही होणार. पोराने बोलवायचं आणि आईने नाही म्हणायचं? ते तुम्ही लिहा. तुम्हाला नाही म्हणता येतं." मला येत नाही, दादा. अर्धं सफरचंदही मला नाही म्हणता आलेलं नाही. पण लिहितो.

आईंना नेऊ नका.

डिसेंबरमध्ये माझी हरकत नाही असं मी लिहिलं, मार्चमध्ये तसंच, मेमध्ये तर पेट्यांची बातमीही दिली. हरकत होती. पहिल्या दिवसापासून होती. पण तुम्ही मुलगा आणि मी कोण, असं मनात आलं की पेन पुढे सरायचं नाही. मग तुम्हीच ते लिहिलंत, की आता नातं काय राहिलं. मला त्याचा फार राग आला होता आणि अजून आहे, तो इथे लिहून टाकतो म्हणजे संपेल. छोटी आमच्या दोघांचीही गेली. या घरात तिचं नाव घेतलं की समोरच्या माणसाला ती कोण ते समजावून सांगावं लागत नाही. ती कणीक मळताना... असं मी अर्धंच म्हणतो आणि पुढचं आई म्हणतात. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे, स्वतःचं जेवण करू शकतो, कपडे धुऊ शकतो, एकटा जगूही शकेन. पण पुढचं अर्धं कोण म्हणेल?

आईंची सोय तुमच्याकडे जास्त चांगली होईल हे मी नाकारत नाही. रंग दिलेली खोली, ऊब, नातवंडं, यातलं मी काहीच देऊ शकत नाही. इथे जिना आहे आणि थंडी आहे. मी दिवसभर नसतो, हेही खरं. शिंपीण दुपारी वर येऊन बसायला तयार आहे, तिने स्वतःहून सांगितलं. गच्चीवरच्या कुंड्या मी आमच्या बाहेरच्या सज्ज्यात आणतोय, म्हणजे जिना नको. कालपासून गोळी पुन्हा तोंड उघडून दाखवली जातेय. तुम्हाला यातलं काही पुरेसं वाटलं नाही तर तसं स्पष्ट लिहा, मी चिडणार नाही. म्हणजे चिडेन, पण ऐकेन. मूग गिळून मात्र बसणार नाही.

हे सगळं मी आईंना वाचून दाखवलं. "उगाच रडवं लिहू नका" म्हणून त्यांनी माझी तीन वाक्यं खोडायला लावली. आता खालच्या ओळी त्यांच्या आहेत. त्यांचा हात थरथरतो, म्हणून त्या सांगताहेत आणि मी लिहितोय. शेवटचं मी लिहिणार नव्हतो. आधी ते लिहा, मग पाकीट बंद करा, असं म्हणून त्या समोर बसून राहिल्यात.

"बाळा, तुला वाईट वाटेल हे मला माहीत आहे. मला वाटतंय त्याहून कमीच वाटून घे. जूनमध्ये तू ये. सुनेला, पोरांना, सगळ्यांना घेऊन ये, गादीवर दाटीवाटीने झोपू. हवे तितके दिवस राहा. मला न्यायला म्हणून येऊ नकोस, एवढंच. तुझी बहीण गेली त्या दिवसापासून आजपर्यंत या माणसाने मला एकदाही विचारलं नाही, की आई, तुम्ही कधी जाणार. आता तूही विचारू नकोस, आई, तू कधी येणार."

तुमची वाट बघत,
आम्ही दोघं